गार्डेना खोऱ्यातील लाकूडकोरीव कला : ओर्तिसेईचा एक दिवस कसा आखावा

इटलीच्या डोंगराळ गावांतील पारंपरिक हस्तकला पाहायची आहे, पण हाताशी एकच दिवस आहे, असे कोणी विचारले तर मी ओर्तिसेईचे नाव सुचवीन. डोलोमाइट पर्वतरांगांतील गार्डेना खोऱ्यात ओर्तिसेई, सांता क्रिस्तिना आणि सेल्वा अशी तीन गावे एकापाठोपाठ एक चढत्या क्रमाने वसलेली आहेत आणि सतराव्या शतकापासून येथे लाकूड कोरण्याचा उद्योग अखंड चालू आहे. इटलीत डोंगरातल्या कलांची इतरही केंद्रे आहेत. मात्र संग्रहालय, चर्च, चालू कार्यशाळा आणि विक्रीची दुकाने एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे एका दिवसात कलेचा इतिहास, तंत्र आणि व्यवहार या तिन्ही बाजू नीट पाहता येतील असे ठिकाण शोधले, तर ओर्तिसेईइतके सोयीचे दुसरे सहज सापडत नाही. त्यासाठी दिवसाचा क्रम मात्र विचारपूर्वक लावावा लागतो.

जाण्याआधी थोडी पार्श्वभूमी

ओर्तिसेई समुद्रसपाटीपासून सुमारे १२३६ मीटर उंचीवर आहे. हा प्रदेश पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाच्या राज्यात होता आणि युद्धानंतर इटलीकडे आला. त्यामुळे गावांच्या पाट्यांवर इटालियन, जर्मन आणि लादिन अशा तीन भाषांत नावे दिसतात. ओर्तिसेईलाच जर्मनमध्ये सांक्ट उलरिख आणि लादिनमध्ये उर्तियेई म्हणतात, हे बसचे वेळापत्रक वाचताना लक्षात ठेवावे, नाहीतर एकाच गावाची तीन नावे पाहून गोंधळ उडतो. स्थानिक लोकांची घरातली भाषा बहुतांशी लादिन आहे. दुकानात शिरताना ‘बुन दी’ असे अभिवादन केले आणि निघताना ‘दे ग्रा’ म्हणून आभार मानले, तर समोरच्या माणसाचा चेहरा लगेच खुलतो.

या उंचीवर शेती थोडी आणि हिवाळा लांब. बर्फाने कामे बंद पडली की शेतकरी कुटुंबे घरात बसून लाकूड कोरत. प्रारंभी भांडी, चौकटी, लहान मूर्ती असा माल असे. पुढे लाकडी खेळण्यांचा मोठा धंदा उभा राहिला. खोऱ्यातले फेरीवाले पाठीवर माल घेऊन खिंडी ओलांडत आणि युरोपभरच्या बाजारांत तो विकत. खोऱ्यात नीट गाडीरस्ता १८५६ साली झाला, तोपर्यंत सारी वाहतूक पाऊलवाटांवरूनच चाले. हातपाय खुंट्यांनी जोडलेल्या, साध्या रंगवलेल्या चेहऱ्याच्या लाकडी बाहुल्या ही येथली खास ओळख होती. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने लहानपणी ज्या १३२ लाकडी बाहुल्या जमवल्या होत्या, त्या याच धर्तीच्या होत्या. एकोणिसाव्या शतकात ओर्तिसेईत आधी चित्रकलेचे आणि १८७२ साली कलाशिक्षणाचे रीतसर विद्यालय सुरू झाले, त्यानंतर धार्मिक मूर्ती आणि चर्चमधील वेद्या यांच्या कामाने जोर धरला. खेळणी आणि देवमूर्ती हे या परंपरेचे दोन प्रवाह ध्यानात ठेवले, म्हणजे दिवसभर जे दिसेल त्याची संगती लागते.

दिवस आणि ऋतू निवडणे

सहलीसाठी जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. दोन पर्यटन हंगामांच्या मधल्या काळात, म्हणजे साधारणपणे नोव्हेंबरमध्ये आणि ईस्टर उलटल्यापासून मेच्या मध्यापर्यंत, अनेक हॉटेले, दुकाने आणि काही प्रदर्शने बंद असतात. नाताळपूर्वीचे आठवडेही सुंदर असतात आणि त्या दिवसांत नाताळच्या गोठ्याच्या मूर्ती सर्वत्र मांडलेल्या दिसतात, पण दिवस लहान असतो आणि थंडी कडक. उन्हाळ्याच्या अखेरीस ‘उनिका’ या स्थानिक शिल्पकारांच्या संघटनेचे वार्षिक प्रदर्शन ओर्तिसेईत भरते. तारखा जुळत असतील तर ती संधी सोडू नये, कारण एरवी वेगवेगळ्या कार्यशाळांत विखुरलेले काम तेथे एका छताखाली पाहता येते.

वार निवडताना मंगळवार ते शुक्रवार यांपैकी एखादा दिवस घ्यावा. रविवारी कार्यशाळा बंद असतात आणि शनिवारी दुपारनंतर कारागीर भेटेलच असे नाही. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दुपारची सुट्टी : बाराच्या सुमारास दुकाने आणि कार्यशाळा बंद होतात आणि अडीच-तीनच्या आसपास पुन्हा उघडतात. पुण्याच्या वाचकांना हे नवीन वाटू नये. दिवसाची सारी आखणी या दोन-अडीच तासांच्या खंडाभोवती करावी लागते. संग्रहालयाच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून त्या निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर पाहाव्यात.

तळ कोठे ठेवावा आणि कसे पोहोचावे

मुक्कामासाठी बोल्झानो शहर सर्वांत सोयीचे आहे. ते व्हेरोनाहून ब्रेन्नेर खिंडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर असून व्हेरोनाहून रेल्वेने सुमारे दीड तासात पोहोचता येते. मिलान किंवा व्हेनिसला उतरणाऱ्यांनी व्हेरोनाला गाडी बदलावी. व्हेरोनाहून त्याच दिवशी जाऊन परत येणे शक्य असले, तरी त्यात पाच-सहा तास प्रवासातच जातात आणि कार्यशाळेत निवांत उभे राहायला वेळ उरत नाही. म्हणून आदल्या रात्री बोल्झानोला पोहोचावे.

बोल्झानोहून ओर्तिसेईला थेट बस जाते; मार्गाचा क्रमांक ३५० असून प्रवासाला सुमारे तासभर लागतो. इसार्को नदीच्या खोऱ्यातून पोंते गार्डेनापर्यंत गेल्यावर बस डोंगराकडे वळते आणि तेथून चढ सुरू होतो. जाताना शक्यतो पुढच्या बाजूला बसावे. वळणांचा त्रास होणाऱ्यांनी हे विशेष पाळावे. प्रांतातील बस आणि प्रादेशिक रेल्वेसाठी एक, तीन किंवा सात दिवसांचे ‘मोबिलकार्ड’ मिळते. अनेक हॉटेले पाहुण्यांना सार्वजनिक वाहतुकीचा पास मुक्कामासोबतच देतात, त्यामुळे कार्ड विकत घेण्याआधी हॉटेलात विचारून घ्यावे. साडेसात-आठची बस धरावी, म्हणजे नऊच्या सुमारास गावात पोहोचता येते. परतीच्या शेवटच्या दोन बसच्या वेळा सकाळीच टिपून ठेवाव्यात.

सकाळ : आधी संग्रहालय, मग चर्च

बस गावाच्या मध्यभागी सांत आंतोनिओ चौकात थांबते. तेथून मुख्य रस्त्याने काही मिनिटे चालले की लादिन संस्कृतीचे केंद्र असलेली इमारत लागते आणि त्यातच गार्डेना संग्रहालय आहे. वाटेत दुकानांच्या काचेआड शेकडो मूर्ती मांडलेल्या असतील. त्या वेळी आत शिरू नये, असा माझा आग्रह आहे. नजर तयार होण्यापूर्वी दुकानात गेले की सगळेच सारखे आणि सगळेच सुंदर दिसते.

संग्रहालयासाठी दीड तास ठेवावा. येथे तीन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली म्हणजे जुनी खेळणी : घोडे, गाड्या, प्राणी आणि खुंट्यांच्या बाहुल्या. बाहुलीचे धड कातारी यंत्रावर फिरवून केलेले असते, तर चेहरा ब्रशाच्या चार-पाच फटकाऱ्यांत रंगवलेला असतो. वेगाने आणि स्वस्तात करायच्या मालातही हाताची सफाई कशी टिकवली आहे, ते येथे जवळून दिसते. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळे आणि खेळणी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही कामाची वाटणी ओळखीची वाटेल : एका घरात कोरणे, दुसऱ्या घरात रंगवणे आणि विक्री तिसऱ्याच्या हाती. दुसरी गोष्ट म्हणजे विनात्सर घराण्यातील मूर्तिकारांची सतराव्या-अठराव्या शतकांतील धार्मिक शिल्पे. त्यांच्या वस्त्रांच्या चुण्या पाहाव्यात. पटाशी किती खोल गेली आहे आणि छाया कोठे साठते आहे, याची नोंद मनात ठेवावी, कारण दुपारी नव्या कामाशी तुलना करताना ती उपयोगी पडते. तिसरी गोष्ट म्हणजे मूर्तींच्या पाठी. भिंतीला लावून ठेवण्याच्या मूर्ती मागून पोखरलेल्या असतात. लाकूड वाळताना बाहेरचा भाग आतल्यापेक्षा जास्त आकसतो आणि अखंड ओंडका तडकतो. आतला गाभा काढून टाकला की हा ताण कमी होतो. जेथे मूर्तीची बाजू दिसत असेल तेथे वाकून हे अवश्य पाहावे. याच इमारतीत जवळच्या सेचेदा शिखरावर सापडलेल्या इक्थिओसॉर या प्राचीन सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा जीवाश्मही आहे. मुले सोबत असतील तर तो चुकवू नये.

संग्रहालयातून निघाल्यावर अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या गावच्या मुख्य चर्चमध्ये अर्धा तास घालवावा. येथील मूर्ती गावातल्याच शिल्पकारांच्या आहेत आणि त्या ज्या उंचीवर, ज्या प्रकाशात पाहण्यासाठी घडवल्या तेथेच उभ्या आहेत. उंचावर बसवायच्या मूर्तीचे डोके आणि हात थोडे मोठे केलेले असतात, म्हणजे खालून पाहताना प्रमाण बरोबर दिसते. प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबावे, खांदे झाकलेले असावेत आणि छायाचित्रे घेण्याआधी फलक वाचावा.

अकराच्या सुमारास कार्यशाळा

बारा वाजण्यापूर्वीचा एक तास निदान एका कार्यशाळेसाठी राखावा. पूर्वपरवानगी घेतलेली उत्तम. गावाच्या पर्यटन कार्यालयाला आठवडाभर आधी इंग्रजीत ईमेल पाठवून, कोणत्या कार्यशाळेत पाहुण्यांना काम पाहू देतात, असे विचारावे. ते जमले नाही तर गावाच्या काँग्रेस सभागृहाच्या इमारतीत ‘आर्ट ५२’ हे स्थानिक कारागिरांच्या कामाचे कायम प्रदर्शन असते, तेथून सुरुवात करावी. कोणाचे काम आवडते ते तेथे ठरवून मग त्या कारागिराकडे जाता येते. उघड्या दारातून पटाशीचा आवाज आला तर दारात थांबून आत येऊ का, असे विचारायला हरकत नाही, पण कामात असलेल्या माणसाने नकार दिला तर तो मनाला लावून घेऊ नये.

आत गेल्यावर आधी वास जाणवतो. येथे मुख्यतः दोन लाकडे वापरतात. एक म्हणजे सेम्ब्रा पाईन, ज्याला इटालियनमध्ये ‘चिर्मोलो’ म्हणतात. हे झाड वृक्षरेषेजवळ, फार सावकाश वाढते. त्याचे लाकूड मऊ आणि राळेच्या गोड वासाचे असते आणि त्यात तांबूस गाठी दिसतात. दुसरे लिंडेन, जे फिकट आणि एकसारखे असून त्याच्या रेषा जवळजवळ दिसतच नाहीत. रंगवायच्या बारीक कामाला ते पसंत करतात. लहान मूर्तींसाठी मेपलही वापरतात.

कोरणाऱ्याच्या बाकावर वेगवेगळ्या वळणांच्या कित्येक पटाश्या पात्याची बाजू स्वतःकडे करून मांडलेल्या असतात, म्हणजे हवी ती न शोधता उचलता येते. आधी वाळवलेल्या फळ्या सरसाने जोडून ठोकळा केला जातो, त्यावर बाह्यरेषा आखतात आणि मोठ्या गोल पटाशीने, मोगरीचे ठोके देत, नको असलेला भाग उडवतात. पुढे मोगरी बाजूला ठेवून दोन्ही हातांनी काम चालते : एक हात ढकलतो आणि दुसरा पात्याला आवर घालतो. पाते लाकडाच्या रेषेविरुद्ध गेले तर कपची निघते, त्यामुळे एकाच गालाची गोलाई साधताना कारागीर दोन-तीनदा दिशा बदलतो. ही दिशा कोठे बदलते, तेवढेच दहा मिनिटे पाहत राहावे. मोठ्या कारखान्यात यांत्रिक कोरणी पाहायला मिळाली तर तीही पाहावी : मूळ मूर्तीवर एक सुई फिरते आणि तिच्याशी जोडलेली पाती शेजारच्या अनेक ठोकळ्यांतून तोच आकार काढतात.

रंगकाम हा वेगळा व्यवसाय आहे आणि ते करणारे बहुधा वेगळे असतात. सोनेरी भागासाठी लाकडावर सरस आणि खडूच्या भुकटीचे अनेक थर देतात, ते घासून हस्तिदंतासारखे गुळगुळीत करतात, त्यावर गेरूसारख्या तांबड्या चिकणमातीचा थर देतात आणि मग सोन्याचा वर्ख चढवून अकीकाच्या दगडाने घोटतात. जुन्या मूर्तीवर सोने झिजलेल्या जागी तांबूस रंग दिसतो, तो या मातीचा. घाई नसेल तर वर्ख चढवणाऱ्याचा श्वासही किती सांभाळून चालतो, ते पाहण्यासारखे आहे.

दुपारचे जेवण

बंद दुकानांच्या वेळेत निवांत जेवावे. शाकाहारी वाचकांनी दोन पदार्थांबाबत सावध राहावे : ‘कानेदेर्ली’ नावाचे पावाचे गोळे बहुधा ‘स्पेक’ म्हणजे धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे घालून करतात आणि सातूच्या सारातही तेच असते. चीज किंवा पालकाचे कानेदेर्ली मागता येतात. त्यात अंडे असते. पालक भरलेली अर्धचंद्राकृती ‘क्राफुंचिन्स’ ही खोऱ्याची खासियत आहे आणि ती लोणी-चीज घालून वाढतात. मागवताना ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा स्पेक’ म्हणजे मांस नको, स्पेक नको, असे दोन्ही सांगावे. नुसते मांस नको म्हटल्याने स्पेक वगळला जाईलच, याची खात्री नसते.

दुपार : जुन्या रेल्वेच्या वाटेने सांता क्रिस्तिना

पहिल्या महायुद्धात, १९१५-१६ च्या हिवाळ्यात, ऑस्ट्रियाच्या सैन्याने रशियन युद्धकैद्यांकडून या खोऱ्यात अवघ्या काही महिन्यांत अरुंद लोहमार्ग बांधून घेतला. युद्धानंतर हीच गाडी प्रवासी आणि माल वाहत राहिली. १९६० साली ती बंद झाली. तिचे एक इंजिन ओर्तिसेईत जपून ठेवले आहे आणि रुळांच्या जागी आता चालण्याची वाट आहे. ओर्तिसेई ते सांता क्रिस्तिना हे अंतर रमतगमत सव्वा तासाचे. चढ सौम्य आहे, कारण वाफेच्या गाडीला झेपेल असाच तो आखला होता. ज्येष्ठ मंडळींना आणि बाबागाडीलाही ही वाट जमते. वाटेवरून दिसणाऱ्या शेतघरांकडे पाहिले की हिवाळ्यात याच घरांमधून बाहुल्यांचे हातपाय तयार होत असत, हे नीट समजते.

या वेळात सेचेदा किंवा आल्पे दी सिउसीला नेणारा रज्जुमार्ग घेण्याचा मोह होईल. दोन्ही ठिकाणे अप्रतिम आहेत, पण त्यांना स्वतंत्र दिवस द्यावा. वर गेले की उतरेपर्यंत कार्यशाळा बंद होतात आणि कलेसाठी काढलेला दिवस हातून जातो. सांता क्रिस्तिनाहून बसने ओर्तिसेईला परत यावे आणि साडेतीन-चारच्या पुढचा वेळ दुकानांसाठी ठेवावा.

खरेदी करताना

दुकानात मूर्ती हातात घेण्याआधी विचारावे आणि उचलल्यावर ती प्रथम उलटी करावी. बुडाला लाकडाची वार्षिक वलये दिसली तर वस्तू लाकडाची आहे. बूड एकसंध, गुळगुळीत आणि बाजूला साच्याची बारीक शिवण दिसली तर ती राळेची ओतीव वस्तू असण्याची शक्यता मोठी. पुढे खोल खाचा पाहाव्यात : बगलेखाली, केसांच्या बटांमध्ये, चुण्यांच्या तळाशी. एकसारख्या, समांतर, गोल तळाच्या बारीक रेघा असतील तर त्या यंत्राच्या पात्याच्या. हाताच्या पटाशीचे घाव लांबी-रुंदीने थोडे थोडे वेगळे असतात आणि प्रकाशात तिरके धरले की लहान लहान पैलूंसारखे चमकतात. संपूर्ण हाताने कोरलेल्या कामासाठी बोल्झानोच्या चेंबर ऑफ कॉमर्सचे संरक्षित चिन्ह असते, ते दाखवायला सांगावे.

यंत्रावर आकार काढून मग हाताने साफ केलेली आणि रंगवलेली मूर्ती म्हणजे फसवणूक, असे मी मानत नाही. खोऱ्यातील अनेक घरे त्यावर चालतात आणि सामान्य माणसाला परवडेल अशी वस्तू त्यामुळेच मिळते. विक्रेत्याने कोणता भाग कशाने केला ते स्पष्ट सांगावे आणि किंमत त्याप्रमाणे असावी, एवढे मात्र पाहावे. घासाघीस येथे शोभत नाही. कमी खर्चात चांगली वस्तू हवी असेल तर मोठ्या रंगीत मूर्तीऐवजी न रंगवलेली लहान मूर्ती घ्यावी, कारण रंगाखाली जे झाकले जाते ते तिच्यात उघडे असते. वसईत किंवा गोव्यात ज्यांच्या घरी नाताळचा गोठा मांडतात, त्यांनी एका वेळी पूर्ण संच घेण्याऐवजी एकाच मालिकेतील दोन-तीन मूर्ती घ्याव्यात आणि मालिकेचे नाव व उंची लिहून घ्यावी, म्हणजे पुढे त्याच मापाच्या मूर्ती मागवता येतात.

युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना मूल्यवर्धित कराचा काही भाग परत मिळतो. इटलीत १ फेब्रुवारी २०२४ पासून त्यासाठीची किमान मर्यादा ७० युरोंच्या वर एवढी खाली आणली आहे आणि ती एकाच दुकानातील खरेदीला लागू होते. पासपोर्ट दाखवून दुकानातच कागद करून घ्यावा. वस्तू न वापरता, खरेदीच्या महिन्यानंतरच्या तिसऱ्या महिन्याअखेरपर्यंत संघाबाहेर न्यावी लागते. ज्या विमानतळावरून संघ सोडणार तेथे सीमाशुल्क कक्षाची नोंद घ्यावी. मूर्ती मोठ्या बॅगेत असेल तर बॅग विमान कंपनीच्या हवाली करण्याआधीच हे काम उरकावे. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींना ही सवलत मिळत नाही.

घरी आणल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मूर्ती थेट उन्हात, एसीच्या झोतासमोर किंवा बाहेरच्या ओलसर भिंतीला लावून ठेवू नये. डोंगरातल्या कोरड्या हवेत वाळलेले लाकूड कोकणच्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात ओलावा शोषून फुगते आणि उन्हाळ्यात पुन्हा आकसते. हा बदल हळूहळू झाला तर सांधे टिकतात. खडूच्या थरावर सोन्याचा वर्ख असलेल्या मूर्तीला ओले फडके अजिबात लावू नये, कारण तो थर पाण्याने सुटतो. कोरड्या, मऊ केसांच्या ब्रशाने धूळ झाडावी. वर्षातून दोनदा बूड तपासावे आणि टाचणीच्या टोकाएवढी नवी छिद्रे व त्याखाली पिठासारखी भुकटी दिसली, तर कीड लागली आहे असे समजून ती वस्तू इतर लाकडी सामानापासून ताबडतोब वेगळी करावी.